पाय आणि घोट्यांवरची सूज: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवसभर लग्नाच्या मांडवात उभं राहिलं, मे महिन्यात बर्डीवर खरेदी केली किंवा रात्रभर बसून प्रवास केला की पाय सुजतात आणि सकाळी उतरतात. अशा सुजेचं फारसं काही नसतं. पण हृदय, मूत्रपिंड, यकृत, शिरेतली गुठळी किंवा हत्तीरोग यांची पहिली खूणही अनेकदा घोट्याशीच दिसते. नुसती सूज पाहून कारण कळत नाही. ती एका पायाला आहे की दोन्ही, किती वेगाने आली आणि सोबत काय आहे, या तीन गोष्टींवरून दिशा मिळते. बहुतेक उत्तरं याच तीन प्रश्नांभोवती फिरतात.

कोणती सूज असली तर रात्रीसुद्धा थांबायचं नाही?

- एकाच पायाची पोटरी काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत फुगली आणि आता धाप लागते आहे, छातीत कळ येते आहे, खोकल्यातून रक्त पडलं किंवा भोवळ आली.
- दोन्ही पायांवर सूज आहे आणि आडवं झालं की श्वास कोंडतो, बसूनच रात्र काढावी लागते.
- पाय लाल-गरम झाला, थंडी वाजून ताप आला आणि लाली तासागणिक वर सरकते आहे. त्यातही पाय जेवढा वाईट दिसतो त्याहून कितीतरी जास्त दुखत असेल किंवा काळे-निळे फोड आले असतील, तर एक तासही घालवू नका.
- गरोदरपणाचा पाचवा महिना उलटला आहे, चेहरा आणि हात सुजले आहेत, डोकं ठणकतं आहे किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकतात.
- सूज आहे आणि दिवसभरात लघवी जेमतेम झाली आहे.
- शेतात किंवा अंगणात पायाला काहीतरी चावलं आणि सूज वर चढते आहे. वर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. पाय न हलवता थेट रुग्णालय गाठा.

१०८ ला फोन करा. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) या दोन्ही ठिकाणी अपघात विभाग चोवीस तास सुरू असतो. वर्धा रोड-मिहानच्या बाजूला राहणाऱ्यांना एम्स जवळ पडतं. पोचल्यावर पहिलं वाक्य नेमकं सांगा: ‘डावा पाय, दोन दिवसांपासून, आज सकाळपासून धाप.’ ‘पाय सुजला’ एवढंच सांगितलं तर रांगेत मागे राहाल.

ही खरंच सूज आहे की पाय नुसता जड वाटतोय, हे घरी कसं ओळखायचं?

घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर अंगठा ठेवा. मांसावर नको, हाडावरच. सावकाश दाब देऊन दहापर्यंत मोजा आणि अंगठा उचला. खड्डा राहिला तर ती पाण्याची सूज. खड्डा साधारण २ मिलिमीटर असेल तर पहिली पायरी, ४ असेल तर दुसरी, ६ ला तिसरी आणि ८ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर चौथी. खड्डा किती खोल ते नजरेला कळत नसेल तर खोलीतला दिवा बंद करून मोबाइलची बॅटरी बाजूने धरा. सावलीत खड्डा स्पष्ट दिसतो.

दोन पायांत फरक वाटत असेल तर शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. तिथून १० सेंटिमीटर खाली पेनने खूण करा आणि दोन्ही पायांचा घेर मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर डॉक्टर तो गांभीर्याने घेतात, तुम्हीही घ्या.

वजनकाटा मात्र टेपच्याही आधी बोलतो. घोट्यावर खड्डा पडेपर्यंत अंगात दोन-तीन लिटर पाणी जास्तीचं साठलेलं असतं. एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणून हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी रोज सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहावं.

मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उठला म्हणजे सूज, असं नाही. अंगठ्याने खड्डा पडत नसेल तर तो वळ सोडून द्या.

सूज संध्याकाळी येते आणि सकाळी गायब होते. दुर्लक्ष करू का?

काही दिवस करा, पण पायांकडे एकदा नीट पाहून. उभं राहिलं की रक्त खाली साचतं आणि ते वर ढकलण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते, नुसतं उभं राहिलं की आवळत नाही. म्हणून चौकातले वाहतूक पोलीस, इतवारीतल्या दुकानांचे सेल्समन, शिक्षक आणि पोळ्या लाटणाऱ्या बायका यांचे पाय दिवसभर चालणाऱ्या पोस्टमनपेक्षा जास्त सुजतात.

घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडं वर, कातडी तांबूस-तपकिरी झाली आहे का? खाज सुटते का? पोटरीवर वेड्यावाकड्या निळ्या शिरा उठल्या आहेत का? तसं असेल तर शिरांच्या झडपा गळत आहेत. ही व्हेरिकोज व्हेन्स. यात जीव जात नाही, पण पुढे त्याच जागी जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. काळपट डाग दिसतोय तेव्हाच सर्जनला दाखवून शिरांचा डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घेतला तर बरंच निभावतं.

नागपूरच्या उन्हाळ्यात दरवर्षी पाय सुजतात. उन्हानेच ना?

बहुधा हो. पारा ४५ च्या आसपास गेला की अंग थंड ठेवायला कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाणी पायांत उतरतं. दोन्ही पायांना सारखी, मऊ, न दुखणारी आणि पाय वर घेतले की उतरणारी अशी ही सूज असते. गारवा पडला की जाते.

घोळ होतो तो उपायात. ऊन लागू नये म्हणून घरोघरी ओआरएस, मिठाचं पन्हं, मसाला ताक सुरू असतं. धडधाकट माणसाला ते चांगलंच. पण एक लिटर ओआरएसमध्ये ७५ मिलिमोल सोडियम असतं, म्हणजे जवळपास पाऊण चमचा मीठ. हृदय किंवा मूत्रपिंड अधू असलेल्या आजोबांना दिवसभर तेच पाजलं तर आठवडाभरात पाय टम्म होतात आणि दोष उन्हाला दिला जातो. जुलाब-उलट्या नसतील तर अशा रुग्णाला साधं पाणीच द्या, आणि तेही डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात.

उन्हाळ्यात पहिल्यांदाच सूज आली, वय साठच्या पुढे आहे आणि सोबत धापही लागते, तर तिला उन्हाची सूज समजू नका.

हृदयाची सूज कशी ओळखायची?

दोन्ही पायांना येते, हळूहळू वर चढते आणि दाबलं की खड्डा पडतो. पण ओळख पायांपेक्षा श्वासात आहे. पूर्वी एका दमात चढत होतो तो जिना आता मध्ये थांबून चढावा लागतो. एका उशीवर झोपणारा दोन-तीन उशा मागतो. झोप लागल्यावर दीड-दोन तासांनी घुसमटून उठतो आणि खिडकीशी जाऊन बसतो. हे शेवटचं लक्षण घरच्यांना ‘गॅस झाला असेल’ असं वाटतं, आणि तिथेच दिवस वाया जातात.

ज्यांना हृदय कमजोर असल्याचं आधीच माहीत आहे त्यांनी आकडा लक्षात ठेवावा: तीन दिवसांत २ किलो वजन वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. महिन्याच्या तारखेची वाट पाहायची नाही.

तपासण्या म्हणजे ईसीजी, छातीचा एक्स-रे, टू-डी इको आणि गरज पडल्यास एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी. ईसीजी नॉर्मल आला म्हणून इको टाळू नका. हृदय किती जोराने रक्त ढकलतं हे इकोतच दिसतं.

सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगवटा आणि संध्याकाळी पायांवर सूज. हे कसलं?

आधी लघवी तपासा. मूत्रपिंडाची चाळणी गळू लागली की रक्तातलं प्रथिन लघवीवाटे जातं, रक्त पातळ पडतं आणि पाणी जिथे जागा मिळेल तिथे शिरतं. रात्री आडवं असताना ते चेहऱ्यावर येतं, दिवसा पायांत. लघवीला साबणासारखा फेस येतो आणि पाणी ओतल्यावरही तो लवकर मोडत नाही.

दिवसाला १५० मिलिग्रॅमपर्यंत प्रथिन जाणं चालतं. ३.५ ग्रॅमच्या वर गेलं की त्याला नेफ्रॉटिक अवस्था म्हणतात आणि तेव्हा सूज झपाट्याने वाढते. मधुमेह असेल तर हे इतकं पुढे जाऊ देऊच नका: वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करा. ते ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असायला हवं. रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणून मूत्रपिंड ठीक, असं धरू नका. ते बिघडायच्या कितीतरी आधी अल्ब्युमिन गळायला लागतं.

पोट फुगलं आहे आणि पायही सुजले आहेत.

यकृत. डोळे पिवळे, हातपाय काडीसारखे, पोट मात्र नगाऱ्यासारखं, अशी स्थिती असेल तर यकृत आक्रसल्याची शंका घ्यावी लागते. दारू हे एक कारण, पण एकमेव नाही. कावीळ बी, कावीळ सी आणि मधुमेह-लठ्ठपणातलं चरबीयुक्त यकृतही इथवर आणतं. त्यामुळे ‘मी तर घेतच नाही’ म्हणून सोनोग्राफी टाळू नका. उलटीत रक्त किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर लगेच रुग्णालय.

बीपीची गोळी बदलली आणि पाय सुजायला लागले. गोळी बंद करू?

स्वतःहून नाही. पण शंका रास्त आहे. अम्लोडिपिन ही आपल्याकडे फार चालणारी गोळी, आणि घोट्याची सूज हा तिचा ठरलेला त्रास. ५ मिलिग्रॅमवर कमी, १० वर जास्त, आणि बायकांत अधिक. ती बारीक धमन्या रुंद करते, त्यामुळे पाणी बाहेर झिरपतं. अंगात पाणी वाढलेलं नसतं. म्हणूनच त्यावर लघवीची गोळी दिली तरी सूज हटत नाही आणि एकावर दुसरी गोळी चढते. डॉक्टर डोस कमी करतात, गोळी बदलतात किंवा टेल्मिसार्टनसारखी जोड देतात.

आणखी काही औषधं सांगून ठेवतो: मधुमेहाची पायोग्लिटाझोन, नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगाबालिन आणि गाबापेंटिन, स्टिरॉइड, आणि गुडघेदुखीवर महिनोन्‌महिने चालणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एटोरिकॉक्सिब. या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात. गुडघ्यासाठी कुणाकडून तरी बिनानावाची ‘पुडी’ आणली असेल तर तीही दवाखान्यात न्या. दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम देणाऱ्या पुडीत बऱ्याचदा स्टिरॉइड निघतं. ती एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, म्हणून लपवू नका.

एकच पाय सुजला आहे. मुका मार असेल का?

मार आठवत असेल तर असेल. नसेल, तर शिरेत गुठळी आहे का हे आधी पाहायचं. पोटरी ताठर, दुखरी, किंचित गरम, हाताला घट्ट लागते. कुणाला होते? नुकतंच ऑपरेशन झालेल्यांना, प्लास्टर घातलेल्यांना, बाळंतिणीला पहिल्या सहा आठवड्यांत, कॅन्सरच्या रुग्णांना, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना आणि तासन्‌तास एका जागी बसून प्रवास करणाऱ्यांना. समृद्धी महामार्गाने मुंबईपर्यंतचे ७०१ किलोमीटर झटपट तोडायच्या नादात गाडीतून उतरायचं राहून जातं. चार तासांच्या वर बसावं लागणार असेल तर दर दीड-दोन तासांनी पाच मिनिटं चाला. बसल्याजागी दर अर्ध्या तासाने पंजे वर-खाली वीस-तीस वेळा करा आणि पाणी पीत राहा.

गुठळीची तपासणी म्हणजे पायाच्या शिरांचा कलर डॉपलर. यंत्राचा प्रोब दाबला की निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. शंका कमी असेल तर डॉक्टर आधी डी-डायमर ही रक्ततपासणी करतात. तो नॉर्मल आला तर गुठळी जवळपास बाद होते. पण वाढलेला डी-डायमर गुठळी सिद्ध करत नाही. ताप, मार, बाळंतपण यांतही तो वाढतो. गुठळी निघाली तर रक्त पातळ करणारं औषध किमान तीन महिने घ्यावं लागतं. पंधरा दिवसांत सूज उतरते, लोक गोळ्या सोडतात आणि पुन्हा येतात.

या पायाला मालिश करायचं नाही. तेल लावून पोटरी चोळली आणि गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर प्रकरण जिवावर बेततं.

घोटा मुरगळला असेल तर दोन गोष्टी पाहा: चार पावलं टाकता येतात का, आणि घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबल्यावर हाड दुखतं का. पावलं टाकता येत नसतील किंवा हाड दुखत असेल तर एक्स-रे. दोन्ही नसेल तर विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं आणि क्रेप बँडेज. रात्रीतून अंगठ्याचा सांधा लालबुंद झाला, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, तर तो बहुधा गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी).

हत्तीपाय तर जुना आजार ना? आता नागपुरात कुठे आहे?

आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा हत्तीरोगाचाच. २०१९ च्या आगेमागे देशात तीन औषधांची एकत्र मोहीम ज्या मोजक्या जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत नागपूर होतं.

क्युलेक्स डासातून सूक्ष्म जंत शरीरात येतो. मोठा झालेला जंत लसीकावाहिन्यांत (पेशींभोवतीचं जास्तीचं पाणी, म्हणजे लसीका, वाहून नेणाऱ्या नळ्यांत) वर्षानुवर्षं राहतो आणि त्या नासवतो. डेंगीचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो, हा घाण पाण्यात: तुंबलेल्या नाल्या, सेप्टिक टँक, सांडपाण्याचे खड्डे. सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला पातळ जाळी बांधा. काम दहा मिनिटांचं आहे, पण ते केलेली घरं कमीच दिसतात.

सुरुवातीची सूज फसवी असते. अधूनमधून थंडी-ताप येतो, जांघेत अवधाण येतं, पाय लाल होतो आणि चार-पाच दिवसांत सगळं ओसरतं. पुढच्या वेळी थोडी सूज उरते. दाबून पडणारा खड्डा हळूहळू पडेनासा होतो, कातडी जाड होते. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या बुडाशी कातडी चिमटीत धरून पाहा. धरता येत नसेल तर लसीकेची सूज असण्याची शक्यता मोठी.

जंताची पिल्लं रक्तात रात्री उतरतात, म्हणून रक्ताची काच रात्री १० ते २ च्या दरम्यान घेतात. दिवसा घेतलेली काच कोरी आली याचा अर्थ काही नाही. पट्टीवरची अँटिजेन चाचणी मात्र कधीही करता येते.

आशाताईंनी दिलेल्या हत्तीरोगाच्या गोळ्या घ्यायच्या का? मला तर काहीच नाही.

घ्या. अनेकांच्या रक्तात पिल्लं असूनही त्यांना काहीच त्रास नसतो आणि डासामार्फत ती शेजाऱ्यात जातात. डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन अशा तीन औषधांच्या गोळ्या असतात. उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत. जेवून, कर्मचाऱ्यासमोरच गिळायच्या. ‘नंतर घेते’ म्हणून फ्रीजवर ठेवलेल्या गोळ्या तिथेच राहतात. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि गंभीर आजारी माणूस यांना देत नाहीत. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत. गोळी घेतल्यावर थोडा ताप, डोकेदुखी किंवा मळमळ झाली तर ते बहुधा जंत मरत असल्याचं लक्षण असतं. एक-दोन दिवसांत जातं.

आधीच मोठा झालेला पाय या गोळ्यांनी बारीक होत नाही. त्याला रोजची निगा लागते. साध्या साबणाने आणि खोलीच्या तापमानाच्या पाण्याने पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. मऊ कापडाने टिपून कोरडा करायचा, चोळायचा नाही. बेचक्यांत चिखल्या असतील तर बुरशीचं मलम, भेगांना जंतुनाशक मलम. रात्री पाय उंचावर, दिवसा घोट्याचे व्यायाम, पायात सैल चप्पल कायम. ताप येऊन पाय लाल झाला की मात्र व्यायाम आणि पट्ट्या बंद. तेव्हा आराम, गार पाण्याच्या घड्या, पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांचं अँटिबायोटिक. पाय वाढतो तो या तापांनी. भेगा आणि चिखल्या बऱ्या ठेवल्या की ताप कमी येतात. पुरुषांच्या अंडवृद्धीचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयांत होतं. लाजेपायी वर्षं काढू नका.

मधुमेह आहे, एक पाऊल सुजलं आणि गरम लागतं, पण दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बरंच ना?

उलट. बधिर पायात आतली हाडं चुरत असतात आणि माणूस त्याच पायावर चालत असतो. याला शार्को फूट म्हणतात. दोन पायांच्या तापमानात २ अंशांहून जास्त फरक असतो, हाताच्या पाठीने लगेच कळतो. सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. निदान होईपर्यंत त्या पायावर भार टाकायचा नाही. उपचार म्हणजे काही महिन्यांचं खास प्लास्टर. उशीर झाला की तळव्याची कमान बसते आणि पाऊल कायमचं होडीच्या बुडासारखं होतं.

आठ महिन्यांच्या बाळाचे हात-पाय अचानक सुजले आणि ते सारखं रडतं.

विदर्भात अशा वेळी सिकलसेलचा (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात त्या आनुवंशिक आजाराचा) विचार आधी करावा लागतो. साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या वयात दोन्ही हातांच्या आणि पावलांच्या पाठी सुजून दुखणं हेच अनेकदा आजाराचं पहिलं लक्षण असतं. सोल्युबिलिटी आणि पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या चाचण्या करून घ्या. बर्फ लावू नका, गारव्याने पेशी आणखी अडकतात. बाळाला उबदार ठेवा, दूध-पाणी भरपूर द्या. ताप असेल तर घरी थांबू नका.

गरोदरपणात पाय सुजतातच. काळजी केव्हा?

शेवटच्या महिन्यांत संध्याकाळी घोटे सुजणं नेहमीचं. चेहरा आणि बोटं सुजली, अंगठी निघेना, आठवड्यात वजन एकदम वाढलं, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजा. २० आठवड्यांनंतर १४०/९० किंवा जास्त आला तर लघवीतलं अल्ब्युमिन लगेच. १६०/११० ला पोचला, किंवा उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर थेट डागा (सरकारी स्त्री रुग्णालय), मेडिकल, मेयो किंवा जिथे नाव घातलंय तिथे. बाळंतपणानंतरही सहा आठवडे हा धोका असतो. ‘आता सुटका झाली’ म्हणून बीपी मोजणं सोडू नका. आणि एकच पाय, त्यातही डावा, सुजला तर गुठळीची तपासणी.

बिब्बा लावू का? शेक देऊ? पुनर्नव्याचा काढा?

बिब्बा नको. त्याच्या तेलाने कातडी जळते, फोड येतात आणि आधीच ताणलेल्या कातडीतून जंतू आत जातात. सूज राहते बाजूला आणि जखमेचाच इलाज करावा लागतो. डागणी तर नाहीच.

गरम पाण्यात पाय बुडवायचे असतील तर मधुमेहींनी पाणी कोपराने तपासावं, किंवा सोडूनच द्यावं. बधिर पायाला चटका कळत नाही. लाल-गरम पायाला शेक नको. काढ्यांबद्दल एवढंच: मूत्रपिंडाचा आजार असेल तर कुठलाही काढा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको, कारण त्यातल्या पोटॅशियमचा हिशेब कुणी ठेवलेला नसतो.

मेडिकलमधून लॅसिक्स ही लघवीची गोळी आणून घेतली, सूज उतरली. चालू ठेवू?

इथलं ‘मेडिकल’ म्हणजे औषधाचं दुकान. बंद करा आणि डॉक्टरकडे जा. ती गोळी पाणी काढते, कारण काढत नाही. हृदयाच्या सुजेत ती रुग्णाला तारते, पण शिरांच्या, अम्लोडिपिनच्या किंवा हत्तीरोगाच्या सुजेत तिचा फारसा उपयोग नाही. सोबत पोटॅशियम आणि सोडियम घसरतं: पोटऱ्यांत गोळे, चक्कर, म्हाताऱ्या माणसाचं भांबावणं. उन्हाळ्यात, वर वेदनाशामक गोळी चालू असताना घेतली तर मूत्रपिंडाला एकदम फटका बसतो.

मीठ किती कमी करायचं?

निरोगी माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. सुजेच्या रुग्णाला किती ते डॉक्टर ठरवतील. पण भाजीतलं मीठ अर्धं करून ताटात पापड, लोणचं, ठेचा आणि सकाळी तर्री पोह्यांवर शेव ठेवली तर हिशेब जमत नाही. सावजी रश्श्यात तिखट सगळ्यांना जाणवतं, मीठ लपून जातं. व्यवहारी उपाय असा: एका माणसाचं दिवसाचं मीठ सकाळी वाटीत काढून ठेवा आणि त्याच्या ताटात दिवसभर तेवढंच वापरा. लो-सोडियम मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते न विचारता घेऊ नये.

पाय वर ठेवणं आणि सूज उतरवणारे मोजे यांची योग्य पद्धत कोणती?

खुर्चीवर बसून पाय स्टुलावर ठेवले म्हणजे पाय वर झाले असं नाही. पाय छातीच्या पातळीच्या वर हवेत. आडवं होऊन पोटरीखाली दोन उशा, टाच अधांतरी, अर्धा तास, दिवसातून तीन-चार वेळा. आडवं झाल्यावर धाप लागणाऱ्याने हे करू नये, पायातलं पाणी एकदम छातीकडे येतं.

मोजे सकाळी पलंगावरून उतरण्याआधी, सूज नसताना चढवायचे. मोज्याचं माप घेण्याची वेळही सकाळचीच. शिरांच्या त्रासात बहुधा पाऱ्याच्या २० ते ३० मिलिमीटर दाबाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे सांगतात. वरची कड दुमडू नका, दुमडलेली कड दोरीसारखी आवळते. मधुमेह असेल, विडी-सिगारेट असेल किंवा चालताना पोटऱ्या दुखून थांबावं लागत असेल तर आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहणारी एबीआय तपासणी करा. धमनीच अरुंद असेल तर घट्ट मोज्याने बोटं काळी पडू शकतात.

सूज आहे पण दाबून खड्डाच पडत नाही.

हत्तीरोगाचं वर आलंच. दुसरं कारण थायरॉइड: थकवा, बद्धकोष्ठता, आवाज घोगरा, वजन वाढतंय. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा.

घरातल्या तीन-चार जणांचे पाय एकदमच सुजले.

तेलाची बाटली ताब्यात घ्या. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं की असं होतं. दोन्ही पाय सुजून लाल होतात, दुखतात, जुलाब होतात, पुढे धाप लागते. १९९८ साली दिल्लीत याची मोठी साथ आली होती. तेल वापरणं बंद करा, पण फेकू नका. तपासणीला लागतं.

कोणत्या डॉक्टरकडे जायचं, आणि काय घेऊन?

आधी फिजिशियन. थेट हृदयरोगतज्ज्ञाकडे गेलात आणि कारण मूत्रपिंडात निघालं तर पैसे आणि वेळ दोन्ही वाया. पहिल्या फेरीत साधारण हिमोग्राम, क्रिएटिनिन, लघवी, यकृताच्या चाचण्या आणि अल्ब्युमिन, टीएसएच, ईसीजी एवढं होतं. डॉपलर, इको, सोनोग्राफी ही पुढची पायरी. नेताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, नुसती चिठ्ठी नको. सात दिवसांची वजनं लिहून न्या. संध्याकाळी मोबाइलवर काढलेला पायांचा फोटोही न्या, कारण सकाळच्या ओपीडीत सूज उतरलेली असते. पँट गुडघ्यापर्यंत वर जाईल अशी सैल घाला.

जोडवी रुतली आहेत, निघत नाहीत.

बोट निळं-पांढरं पडलं असेल किंवा बधिर झालं असेल तर खटपट न करता अपघात विभागात जाऊन कापून घ्या. तसं नसेल तर पाय दहा-पंधरा मिनिटं उशांवर वर ठेवा, मग गार पाण्यात पाच मिनिटं. भांड्यांचा द्रव साबण किंवा खोबरेल लावून जोडवं सरळ न ओढता फिरवत-फिरवत बाहेर आणा. सांध्याशी अडलं तर मऊ दोरा किंवा दातांचा फ्लॉस नखाच्या बाजूने जोडव्यापर्यंत शेजारी-शेजारी घट्ट गुंडाळा, टोक जोडव्याखालून पलीकडे काढा आणि त्या टोकाने दोरा उलगडत जा. जोडवं दोऱ्यावरून पुढे सरकतं. दोन प्रयत्नांत निघालं नाही तर थांबा, ओढाताणीने सूज वाढते. चांदी मऊ असते, कटरने मिनिटभरात कापली जाते. पैंजण आणि पायातला काळा दोराही त्याच वेळी काढून ठेवा.